डबीतला वाटाड्या

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या ज्या घरात शनिवारी रात्री पाठीवर पिशवी टाकून कसाऱ्याची किंवा कर्जतची शेवटची लोकल गाठणारा मुलगा अथवा मुलगी आहे, त्या घरात दिवाळीच्या सुमारास एक वाद हटकून निघतो. बोनस हातात आलेला असतो, थंडीचे दिवस तोंडावर असतात, आणि पोराच्या मनात हातात धरायचे जीपीएसचे यंत्र भरलेले असते. वडील म्हणतात, “वीस हजारांचा मोबाइल खिशात आहे, त्यात नकाशा आहे. मग ही आणखी एक डबी कशाला?” मामा परदेशी राहून आलेला असतो. तो म्हणतो, “अहो भाऊजी, तिकडे शिकाऱ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हातात ही असते. एकदा घेतली की रानात कुणाला वाट विचारायला नको!” आई एवढेच विचारते, “ही घेतली म्हणजे हा रविवारी वेळेवर घरी येईल का?” आणि तिच्या प्रश्नाकडे कुणीच लक्ष देत नाही.

वास्तविक या वादात मुद्द्याचे काय ते तीच बोललेली असते. वडिलांचे आणि मामाचे भांडण केवळ वरवरचे आहे. रानात वाट दाखवणे हे यंत्राचे काम, याविषयी दोघांचेही एकमत आहे. एकाला वाटते मोबाइल ते करील, दुसऱ्याला वाटते डबी करील. माझा झगडा या एकमताशी आहे. पुढची वाट दाखवण्याच्या बाबतीत ही दोन्ही यंत्रे सारखीच कुचकामी आहेत. आल्या वाटेने माघारी नेण्याच्या बाबतीत मात्र एक चांगली डबी फार उपयोगाची आहे, आणि ती घ्यायची असेल तर त्या एकाच कामासाठी, ते काम डोळ्यांपुढे ठेवून, घ्यावी. आता हे मी का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

प्रथम मामांच्या शिकाऱ्याचा समाचार घेऊ. नागरिकांना हातात धरता येईल असे पहिले यंत्र मॅगेलन कंपनीने १९८९ साली अमेरिकेत विकायला काढले, आणि तेव्हापासून या धंद्याचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे तिकडचा शिकारी. त्याला मोटार कुठे उभी केली ते हवे असते, गोळी लागलेले जनावर कुठे पडले ते हवे असते, कुत्रा कुठे धावला ते हवे असते, आणि आपण दुसऱ्याच्या मालकीच्या रानात तर शिरलो नाही ना, हेही हवे असते. त्याच्यासाठी या डब्यांत एक गमतीचे पान असते: आज शिकारीला आणि मासेमारीला चांगली वेळ कोणती, हे चंद्र-सूर्याच्या उदयास्तावरून सांगणारे. म्हणजे आपले पंचांगच ते! अमेरिकेतल्या माणसाने मुहूर्त पाहून हरिणावर गोळी झाडावी, याचे मला फार कौतुक वाटते. परंतु आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. मुरबाडच्या रानात ससा मारला तरी खटला होतो. तेव्हा दुकानदार शिकारीच्या सोयी मोजून दाखवू लागला, तर त्या सोयींचे पैसे आपण का भरावेत, असे त्याला बेलाशक विचारावे.

कायद्याने ज्यांना पाठलाग करता येतो असे एकच शिकारी आपल्या मुलखात आहेत, ते म्हणजे आपले कोळी बांधव. वसई-अर्नाळ्यापासून खाली रायगडापर्यंतच्या मासेमारी नौकांवर जीपीएस कधीचेच जाऊन बसले आहे. पण नाखवा त्याचा उपयोग कसा करतो ते पाहा. मासळी कुठे आहे हे तो यंत्राला विचारत नाही. ते त्याला पाणी, वारा, तिथी आणि बापजाद्यांचे शब्द सांगतात. मासळी लागली, जाळे टाकले, की ती जागा तो यंत्रात टिपून ठेवतो. पुन्हा तिथेच यायला, आणि धुक्यात किंवा अंधारात आपल्या बंदराचे तोंड गाठायला, त्याला यंत्र हवे असते. शोध माणसाचा, आठवण यंत्राची. आमची शहरातली शिकली-सवरलेली मुले डोंगरात नेमके याच्या उलट करतात.

हे उलटे का चालत नाही, ते यंत्राच्या पोटात डोकावल्यावर कळते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत आहेत. जगभर काम चालायला त्यांतले निदान चोवीस जागेवर असावे लागतात. प्रत्येकात अणुघड्याळ आहे, आणि तो अखंड एकच वाक्य बोलत असतो: मी अमुक जागी आहे, आता इतके वाजले. डबी निदान चौघांचे हे वाक्य ऐकते, ते पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतरे काढते, आणि अंतरांवरून आपले ठिकाण काढते. तीन उपग्रहांनी भागले असते, पण डबीतले घड्याळ स्वस्तातले असल्यामुळे त्याची चूक काढायला चौथा लागतो. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे उपग्रहांवरची घड्याळे रोज ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर दिवसाकाठी दहा किलोमीटरांच्या आसपास घोळ व्हायचा. सारी योजना अमेरिकेच्या लष्कराची. ती १९९५ साली पुरी झाली, तरी नागरिकांच्या यंत्रांत मुद्दाम शंभरेक मीटरपर्यंतचा घोळ घातलेला असे. तो २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी काढून टाकला, आणि मगच ही डबी सामान्य माणसाच्या कामाची झाली.

एवढ्या प्रचंड खटाटोपातून निष्पन्न काय होते? दोन आकडे. अक्षांश आणि रेखांश. तुम्ही कुठे उभे आहात, एवढेच. तुमच्यापुढे कारवीचे रान आहे की कातळाची धार आहे, पायाखालचा दगड पक्का आहे की पहिल्या पावसात सुटला आहे, यातले त्या चार उपग्रहांना काहीही ठाऊक नसते. डबीच्या पडद्यावर जी वाट दिसते ती उपग्रहांनी दाखवलेली नसते. ती कुणातरी माणसाने केव्हातरी काढून ठेवलेली असते. लोक या दोन गोष्टी एकच समजतात, आणि सारा अनर्थ तिथून सुरू होतो.

रस्त्यावरची उदाहरणे आधी घेऊ, कारण ती वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. नकाशात रस्ता होता. रस्ता खरोखरच होता. पण पाणी सोडले की तो बुडतो, हे गावच्या पोराला ठाऊक, नकाशाला नाही. दोघे पोहून वाचले, मोटार चालवणारा वाचला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. आणि अगदी आपल्या अंगणात, २०२५ च्या जुलैत, बेलापूरला पुलावर चढण्याऐवजी पुलाखाली शिरून एका बाईंची मोटार थेट खाडीत उतरली. पोलिसांनी त्यांना बाहेर काढले म्हणून बरे. हे तर डांबरी रस्ते! त्यांचे नकाशे करायला पगारी माणसे असतात. डोंगरातल्या पायवाटेचा नकाशा कोण करतो?

तो करतो कुणीतरी हौशी गृहस्थ. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी तो गडावर जातो, खिशातले यंत्र त्याची पावले टिपते, आणि घरी येऊन तो ती रेघ जगासाठी खुली करतो. हेतू चांगलाच असतो. पण यंत्र पावले टिपते, शहाणपण टिपत नाही. तो जिथे वाट चुकला, जिथे ढोरवाटेने भरकटत जाऊन दरीच्या तोंडावरून परत फिरला, जिथे केवळ दैवाने निसटला, तेही सारे त्या रेघेत इमानाने उतरलेले असते. मागून येणारा जुलैच्या पावसात त्याच रेघेवर पाय टाकत जातो. डिसेंबरातली कोरडी नळी जुलैत धबधबा झालेली असते.

डोंगर स्वतःही जागा सोडतात, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. गडावर जाणारी वाट त्या वाडीतूनच वर चढत असे. कितीतरी जणांनी त्या वाडीतल्या ओट्यांवर बसून चहा घेतलेला आहे. त्या रात्रीच्या आधी टिपलेल्या रेघा आजही माणसाला त्या घरांमधून घेऊन जातील.

आणि अचूकपणाचे म्हणाल, तर मी शाळामास्तर आहे, मला हा हिशेब मुलांना दरवर्षी शिकवावा लागतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि एक सेकंद म्हणजे ३१ मीटर. उघड्या आकाशाखाली चांगली डबी तीन ते पाच मीटरांपर्यंत बरोबर असते, आणि हे खरोखरच थोर आहे. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर मध्येच हरवलेल्या माणसाला तेवढे पुरेसे आहे. पण तोच माणूस धुक्यात कोकणकड्याच्या कडेला आला तर? तिथे पाच मीटरांत एक जग संपते आणि दुसरे सुरू होते. शिवाय कातळकड्याजवळ उपग्रहाचा आवाज खडकावर आपटून फिरून येतो, आणि डबी त्या प्रतिध्वनीलाच खरा आवाज समजते. नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत किंवा साम्रदच्या सांदण दरीत वर आकाशाची एक चिंधी तेवढी दिसते. तिथे चार उपग्रह ऐकू येतील तर नशीब. म्हणजे जिथे वाट बिकट तिथेच यंत्राचा कान मंद. पुढे पाऊल टाकायला असल्या बहिऱ्याचा हात कोण धरील?

मागे फिरायचे झाले की मात्र हिशेब बदलतो. आपण आत्ताच जिथून आलो ती वाट आपल्या पायांनी पारखलेली असते; आजची, याच पावसातली, याच गवतातली. तिच्यावर दरड नाही, पाणी नाही, कडा नाही, हे आपल्याला ठाऊक असते, कारण आपण तिथून जिवंत आलो. यंत्राने ती पावले टिपून ठेवलेली असली तर पाच-दहा मीटरांचा घोळ फारसा नडत नाही. रेघेच्या आसपास पोहोचलो की आपलीच ओळखीची झाडे भेटतात. सह्याद्रीत माणसे चुकतात ती बहुधा उतरताना. चढताना सगळ्या सोंडा एका माथ्याकडे येतात, उतरताना एका माथ्यापासून दहा सोंडा फुटतात. संध्याकाळ होत आलेली असते, पाय थकलेले असतात, लोकल चुकण्याची घाई असते, आणि ढोरवाट ही पायवाटेपेक्षा नेहमीच जास्त मळलेली दिसते. त्या क्षणी ‘आलास तसा परत चल’ एवढे सांगणारे काहीतरी जवळ असणे, हेच काय ते त्या डबीचे मोल.

वडील म्हणतील, हे तर मोबाइलही करतो. करतो, पण कोरड्या दिवाणखान्यात. प्रथम एक गैरसमज दूर करतो. ‘रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही’ असे पुष्कळांना वाटते, ते खोटे आहे. उपग्रह ऐकायला टॉवर लागत नाही; टॉवर लागतो तो नकाशा आणायला, आणि नकाशा घरूनच उतरवून नेला तर तोही लागत नाही. मोबाइलचे खरे दुखणे दुसरे आहे. पावसाचे थेंब पडद्यावर पडले की त्याला बोट कुठले आणि थेंब कुठला हे कळेनासे होते. आमच्याकडची मुले डोंगरात जातात ती मुख्यतः पावसाळ्यात! दुसरे असे, की रेंज नसलेल्या दरीत तो टॉवर शोधत राहून स्वतःची बॅटरी खातो. तिसरे, त्याच मोबाइलवर गाणी, छायाचित्रे, धबधब्याखालचे नाच, सगळे चालू असते. आणि संध्याकाळी, जेव्हा घरी फोन करायचा किंवा मदत मागायची, तेव्हा तो मान टाकतो.

२०२२ च्या मे महिन्यात लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर एकटा वाट चुकला. आपण चुकलो आहोत हे त्याने फोन करून कळवलेही. नंतर फोन लागेनासा झाला. शिवदुर्ग मित्र आणि इतर मंडळांची मुले, पोलीस, आपत्ती दल, सगळे दिवसचे दिवस दऱ्या धुंडाळत होते. शेवटी देहच मिळाला. त्याच्या जवळ काय होते आणि काय असते तर तो वाचता, याचा न्याय खुर्चीत बसून करण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र दिसते, की फोनवर ‘मी चुकलो’ असे सांगता येणे आणि रानातून बाहेर पडता येणे, यांत फार अंतर आहे.

म्हणून डबी घ्याच, पण कोणती? मी काही यातला शास्त्रज्ञ नव्हे, पण चार पावसाळे बरोबरच्या मंडळींच्या हातातल्या डब्या पाहून माझी मते बनली आहेत, आणि ती दुकानदाराच्या मतांच्या बरोबर उलट आहेत. त्याला मोठा रंगीत पडदा विकायचा असतो. मी म्हणतो, लहान, शक्य तर काळापांढरा, उन्हात वाचता येणारा पडदा घ्या. त्याला बोटाने चालणारी डबी विकायची असते. मी म्हणतो, बटणांची घ्या, भिजलेल्या आणि गारठलेल्या अंगठ्यालाही कळणारी. आत कोंडलेल्या बॅटरीपेक्षा भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलवर चालणारी बरी, कारण ते सेल टोकावड्याच्या टपरीवरही मिळतात. गार्मिनच्या ईट्रेक्स जातीच्या साध्या डब्या दोन सेलवर चालतात. त्यांतल्या २०१९ च्या नमुन्यांचा कंपनीचा दावा पंचवीस तासांचा आहे, आणि २०२३ साली आलेल्या एकाचा तर १६८ तासांचा, म्हणजे पुऱ्या आठवड्याचा. कंपनीच्या दाव्यातून थोडे वजा करावे, तरी शनिवार-रविवारला पुरून उरते. मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी आत पाणी जाऊ नये, या कसोटीला उतरलेली असावी. हे खोक्यावर लिहिलेले असते.

पडद्यातून वाचलेले पैसे कानावर खर्च करावेत. अमेरिकेच्या जोडीला रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, यांतले जितके ऐकेल तितके चांगले. आणि एकाऐवजी दोन लहरींवर ऐकणारी मिळाली तर कड्यालगतचा प्रतिध्वनी तिला बराच ओळखता येतो. आपल्या इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ‘नाविक’ उभा केला, याचा मला अभिमान आहे. पण त्यांतल्या काहींची अणुघड्याळे बंद पडली, तेव्हा देशाभिमानाने एकट्या नाविकवर विसंबू नये. हवेच्या दाबावरून उंची सांगणारी सोय असेल तर उत्तम, कारण उपग्रहावरून काढलेली उंची ठिकाणाइतकी भरवशाची नसते. दाब हवामानाबरोबर बदलतो, म्हणून ती सोय ओळखीच्या उंचीवर जुळवून घ्यावी. रेल्वेच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती एरवी कुणाच्याच उपयोगाची नाही, असे मला लहानपणी वाटे. ती इथे उपयोगी पडते. आणि बरोबर एक साधे होकायंत्र न्यावे. स्वस्त डबीला दिशा कळते ती आपण चालू लागल्यावर. उभ्या माणसाला ती काही सांगत नाही. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच, हे एक आपले भाग्य.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. काही डब्या केवळ ऐकत नाहीत, उपग्रहाशी बोलतातही. संकटात बटण दाबले की निरोप जातो. परदेशातला मामा नेमकी हीच घेऊन येतो. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवान्यावाचून असले यंत्र बाळगणे गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी बाईंना याच कारणासाठी अडवले होते. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र ज्या देशाने पाहिली, त्याने या बाबतीत कडक असावे हे समजण्यासारखे आहे. डोंगरात बचावकार्य करणाऱ्या मंडळांना तरी परवाना सुलभ असावा, हेही तितकेच खरे. पण कायदा बदलेपर्यंत पोराच्या पिशवीत हे यंत्र घालून त्याला लोकलमध्ये बसवू नका.

वापरायचे कसे, तेही दोन शब्दांत सांगतो. पायथ्याच्या गावात, देवळापुढच्या मोकळ्या जागेत, डबी सुरू करून पाच-दहा मिनिटे स्वस्थ ठेवावी. फार दिवसांनी सुरू केलेल्या डबीला सगळ्या उपग्रहांची हजेरी घ्यायला साडेबारा मिनिटेही लागू शकतात. मग गावाची खूण करावी आणि पावले टिपणे चालू करावे. जिथे दोन वाटा फुटतात, जिथे ओढा ओलांडला, जिथे खिंडीत वळलो, तिथे खूण. मग डबी पिशवीच्या वरच्या कप्प्यात, आकाशाकडे तोंड करून, ठेवून द्यावी आणि तिला विसरावे. पडद्यात डोळे घालून चालणारा माणूस रान पाहत नाही, आणि न पाहिलेले रान परतताना ओळखू येत नाही.

आणि त्या आईसाठी एक कागद. कोणत्या गडावर, कोणत्या गावातून, किती जण, बरोबर वाटाड्या कोण, रविवारी कितीच्या लोकलने परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचे, हे लिहून फ्रिजच्या दारावर लावावे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर म्हणून गिर्यारोहकांनीच चालवलेले एक केंद्र आहे. त्याचा क्रमांक त्या कागदावर असावा. डबीला तुम्ही कुठे आहात ते कळते, पण ती ते घरी सांगत नाही. शोधायला निघालेल्या मुलांचे पहिले कित्येक तास ‘गेले कुठल्या बाजूने’ हे ठरवण्यात जातात.

राहिला तो वाटाड्या, आणि मला सर्वांत जास्त चीड आहे ती त्याच्या बाबतीतली. दोन वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका गडाच्या पायथ्याशी मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. पंचवीस जणांचा एक कळप शहरातून आला होता. प्रत्येकाकडून नेणाऱ्यांनी बाराशे रुपये घेतलेले. म्हणजे तीस हजार झाले. म्होरक्याच्या छातीवर महागातली डबी लोंबत होती. गावातला साठीचा एक ठाकर पुढे आला आणि म्हणाला, “दादा, वर गवत लई वाढलंय. पदरात वाट गावायची नाही. मी येतो, सातशे द्या.” म्होरक्याने डबीवर टिचकी मारून दाखवली आणि म्हणाला, “काका, यात सगळं आहे. तीनशे देतो, यायचं तर या.” म्हातारा हसला आणि बैलाला पाणी पाजायला निघून गेला. मी आणि माझे दोन सोबती त्याच्याबरोबर सातशे देऊन वर गेलो. तो वाटेत मला म्हणाला, “गुरुजी, डबी काय म्हणते ती ऐका, पण पाय माझ्या मागं टाका.” त्या कळपाला आम्ही संध्याकाळी भेटलो, तेव्हा ते गडाच्या चुकीच्या सोंडेवर होते आणि मोठ्याने एकमेकांना दोष देत होते. म्हाताऱ्याने त्यांना हाक मारून खाली आणले. पैसे मागितले नाहीत, आणि त्यांनीही दिले नाहीत.

तीस हजार जमवणाऱ्याला सातशे जड होतात, कारण डबीने त्याला असे पटवलेले असते की वाट ही फुकट मिळणारी गोष्ट आहे. ती फुकट नाही. ती ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पिढ्यांनी ढोरांमागे, मोळीमागे, मधामागे फिरून मळलेली आहे. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता सिद्धगडाच्या रानात लपून राहिला तो याच माणसांच्या भरवशावर. २ जानेवारी १९४३ ला पोलीस तिथवर पोहोचले आणि भाई व हिराजी पाटील पडले, तेही फितुरीने, असेच त्या भागात सांगतात. त्या रानात माणसाला पोहोचवणारा माणूसच. सोबतीही तोच आणि घातही त्याचाच.

यावर मला कुणी विचारील, की गावची पोरे तरी आता वाटा जाणतात का? मुरबाडच्या कारखान्यात पाळी करणारा पोरगा ढोरे राखत नाही. त्याच्यापेक्षा डोंबिवलीच्या मुलाने तो गड अधिक वेळा पाहिलेला असतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच घाई आहे. पुढची वाट ज्यांना ठाऊक आहे ती माणसे साठीच्या पुढची आहेत. डबी घेतलीच आहे, तर एखाद्या कोरड्या रविवारी अशा म्हाताऱ्याबरोबर, त्याची पुरी मजुरी देऊन, त्याच्या मागून चाला आणि त्याची वाट टिपा. झऱ्याचे नाव, खिंडीचे नाव, कुठल्या महिन्यात कुठली नळी बंद, हे त्याच्या तोंडचे शब्द वहीत लिहून घ्या. ती वही आणि ती रेघ गावच्या शाळेला द्या. जगासाठी खुली करायची की नाही ते गावाला ठरवू द्या. पावसाळी रविवारी हजार माणसे आपल्या दारावरून जावीत की न जावीत, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे.

डबी घरटी एक हवीच असेही नाही. हौशी मंडळात पंधरा पोरांमागे दोन असल्या तरी पुरतात. एक पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे, म्हणजे मागे पडलेल्यालाही परतीची रेघ मिळते. या डब्या दहा-पंधरा हजारांपासून सुरू होतात आणि पन्नासच्या पुढे जातात. पंधरा घरांनी मिळून दोन साध्या डब्या घेतल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन हजार येतील, आणि बोनसमधले उरलेले पैसे वर्षभराच्या वाटाड्याच्या मजुरीला बाजूला काढता येतील. सातशे रुपये, माणशी नव्हे, साऱ्या टोळीमागे. रात्री मुक्काम असेल तर हजार, आणि त्याच्या घरी भाकरी खाल्ली तर तिचे वेगळे.